हवेची वही

किशनराव ढगे आमच्या कंपनीत आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सहा नवीकोरी चाकं नापास केली.

कंपनी तेव्हा नुकती सुरू झाली होती. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची फिरती घरं समीर सरांनी बनवून घेतली होती. आत दोन पलंग, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, कोपऱ्यात संडास. अशी तीन घरं सुट्टीवर निघालेल्या लोकांना ते भाड्याने देणार होते. समीर सर मूळचे मुंबईचे, बरीच वर्षं परदेशात राहून हैदराबादला आलेले. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून इथे आले होते. बुकिंग, फोन, कागदपत्रं माझ्याकडे असत. नागोलच्या पुढे एक पत्र्याची शेड, तिच्यात तीन पांढरीशुभ्र घरं, आणि आम्ही दोघं. चाकांसाठी माणूस हवा होता. कुणीतरी सांगितलं, काचीगुड्याला एक मराठी गृहस्थ राहतात, सारा जन्म बस डेपोच्या टायर विभागात काढलाय, आता रिटायर होऊन घरी आहेत.

ते दोन बस बदलून आले. काटक शरीर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात लोक पेन अडकवतात तसं हवेचं गेज. चहा विचारला तर "नंतर" म्हणाले आणि थेट पहिल्या घराच्या चाकापुढे उकिडवे बसले. टायरच्या कडेवर बारीक उठावाची अक्षरं असतात, ती आपण कधी वाचत नाही. किशनरावांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत, ओठ हलवत ती पोथीसारखी वाचत गेले.

"हे कुनी बसविले?"

"ज्यांनी घर बनवलं त्यांनी," समीर सर म्हणाले. "का?"

"कारचे टायर हायत."

"मग? कारच ओढणार आहे."

"कार ओढायलीय साहेब, पर वजन हेच उचलायलेत की." ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. "कारच्या टायरची कड नरम असती, बसनाऱ्याला झटका लागू नाई म्हनून. हितं तर चालत्या घरात कुनी बसायचंच नाई. मग नरमाई कुनासाठी? वळनावर घर डुलंल, डुललं की कड गरम हुईल, गरम झाली की गेली."

समीर सर हसले. मीही हसले असेन. तेव्हा किशनराव जे बोलले ते पुढे मी त्यांच्या तोंडून प्रत्येक गिऱ्हाइकापुढे ऐकलं: "ट्रेलरचा टायर म्हंजी सासुरवाशीन. इंजन तिचं नाई, स्टेरिंग तिचं नाई, ब्रेक दुसऱ्याच्या पायात. तिनं निस्तं वजन उचलायचं आन् मागं मागं जायचं. तिला जपून निवडा, आन् पोटभर हवा द्या."

समीर सरांनी कागद पुढे केला. त्यावर घराचं वजन एक हजार किलो लिहिलं होतं. किशनराव म्हणाले, हा कागद रिकाम्या घराचा आहे, रिकामं घर घेऊन कोण फिरायला जातं? त्यांनी टाकी काठोकाठ भरून घेतली, गॅसचा सिलिंडर ठेवला, गाद्या टाकल्या, सामानाऐवजी वाळूची पोती ठेवली, आणि घर वजनकाट्यावर नेलं. तेराशे ऐंशी भरलं. मग तिथेच काट्यावाल्याच्या टेबलावर त्यांनी मला समजावलं, की यातलं थोडं वजन मोटारीच्या हुकावर जातं, उरलेलं दोन टायरांवर, आणि टायर घ्यायचा तो त्याच्याही वर भरपूर राखून. "लोक हायत बाई, वरून दोन पेट्या आंबे टाकतेतच."

टायर आणायला दिलसुखनगरला मी त्यांच्याबरोबर गेले. छोट्या मालवाहू गाड्यांना बसतात तसले, जाड कडेचे, आठ प्लायचे म्हणजे आठ थरांइतके मजबूत रेडियल टायर त्यांना हवे होते. दुकानदाराने काढून दिले. किशनरावांनी एकेक फिरवून शेवटचे चार आकडे पाहिले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधी जन्मला ते त्यावरून कळतं, हे मला त्या दिवशी समजलं. त्यांनी नऊपैकी चार बाजूला काढले.

"चचा, ये बी नया माल है," दुकानदार कुरकुरला. "दो साल गोडाउन में रक्खा तो क्या हुआ? टायर है, दूध नहीं जो फट जाएगा."

"टायरइच फटता मियाँ," किशनराव शांतपणे म्हणाले. "दूध फटा तो चाय बिगडती, टायर फटा तो घर बिगडता."

दुकानदाराला हसू आलं. आतून दुसरे चार आले. किशनराव मात्र हसले नव्हते. त्यांनी विनोद केलाच नव्हता.

हा माणूस गोड नव्हता, हे सांगायला हवं. गेल्यावर सगळेच गोड होतात. किशनराव तर गेलेलेही नाहीत. ते तिरसट होते. नवं गिऱ्हाईक दिसलं की आधी त्याची मोटार पाहायचे, मग त्याचा चेहरा, आणि बहुतेक वेळा दोन्ही त्यांना पसंत नसायचं. ऐंशीच्या वर पळवणार नाही असं तोंडाने वदवून घेतल्याशिवाय हुक जोडू देत नसत. एका बड्या डॉक्टरना त्यांनी ते तीनदा म्हणायला लावलं, कारण पहिल्या दोन वेळा डॉक्टर फोनकडे बघत म्हणाले होते.

घर बाहेर जायचं असलं की ते सकाळी सहालाच शेडवर येत. हवा उन्हाच्या आधी मोजायची, चाक फिरायच्या आधी मोजायची, हा त्यांचा नेम. "ऊन लागलं की टायर खोटं बोलतंय बाई. आत पन्नास असली तर साठ सांगतंय." गेज लावायचं, वाचायचं, पुन्हा लावायचं. पासष्ट पाउंड. स्टेपनीलाही पासष्ट. मग वाल्ववर थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहायचं आणि टोपण घट्ट करायचं.

आणि मग वही. लांब, कापडी पाठीची वही. ढगे घराणं देगलूरकडचं, शेतकरी. वडील पोटासाठी हैदराबादला आले, आणि किशनराव जामबागेतल्या मराठी शाळेत शिकले. अक्षर मोत्यासारखं. घराचा नंबर, तारीख, डावं चाक, उजवं चाक, स्टेपनी, शेरा. सगळं मराठीत. समीर सर म्हणायचे, इंग्रजीत लिहा, नाहीतर मोबाइलवर भरा. ते "हाव" म्हणायचे आणि मराठीत लिहायचे. समीर सरांना मराठी बोलता येई, वाचताना मात्र अडखळत. माझा स्वतःचा मुलगा दुकानाची पाटी वाचायला मिनिट घेतो, तेव्हा मला त्यात नवल नव्हतं.

लिहून झालं की वही माझ्यापुढे यायची. "वाचा."

मी मोठ्याने वाचायचे. ते मान खाली घालून ऐकायचे आणि मग सही करायचे. एकदा मी वैतागून विचारलं, "किशनराव, तुम्हीच लिहिलंय, मी कशाला वाचायचं?"

"लिव्हलेलं दुसऱ्यानं वाचलं की मंग ते खरं हुतं," ते म्हणाले.

दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. एक सॉफ्टवेअरवाला बायकोमुलांना घेऊन बिदरच्या बाजूला निघाला होता. दुपारी त्याचा मला फोन आला. टायर तापलेत, प्रेशर वाढून पंच्याहत्तर दाखवतंय, म्हणून मी दोन्हीतली हवा सोडली, आता घर मागे झुलतंय, काय करू? मी फोन किशनरावांच्या हातात दिला.

"साहब," किशनराव म्हणाले, "बुखार आया तो खून निकालते क्या?"

पलीकडून आवाज चढला. किशनरावांनी त्याला धाब्याच्या सावलीत उभं राहायला सांगितलं आणि हवेचा पंप पोत्यात घालून ते बस पकडायला गेले. तीन तासांनी तिथे पोहोचले. टायर निवेपर्यंत बसून राहिले, पासष्ट भरली आणि परत फिरले. त्या माणसाने दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर लिहिलं की कंपनीचा म्हातारा उद्धट आहे. समीर सरांनी ते किशनरावांना वाचून दाखवलं.

"उद्धट म्हंजी?" किशनरावांनी मला विचारलं. शब्द त्यांना माहीत होता. माझ्या तोंडून ऐकायचा होता, असं मला वाटलं. मी म्हटलं, "जाऊ द्या हो." माझी ही जुनी सवय आहे.

चौथ्या उन्हाळ्यात दोन नंबरच्या घराच्या दोन्ही टायरांना कडेला बारीक चिरा दिसल्या. घरं महिनोन्महिने वजन घेऊन एका जागी उभी असत आणि शेडच्या कडेच्या घराला दुपारचं ऊन लागे. वरची नक्षी मात्र जवळजवळ नवी होती. किशनरावांनी मला बोलावून अंगठ्याने कड दाबून दाखवली. चिरा उघडल्या, मिटल्या. त्यांनी वहीत रोजच्या ओळी लिहिल्या आणि खाली लाल शाईने आणखी एक: "दोन्ही टायर कडेला चिरले आहेत. बदलावेत. तोवर घर जाऊ देऊ नये."

"वाचा," ते म्हणाले. मी वाचलं. त्यांनी सही केली.

मी वही समीर सरांकडे नेली. त्यांनी येऊन टायर पाहिला, नक्षीवरून हात फिरवला. "हा अजून दोन वर्षं जाईल. एवढी सुट्ट्यांची गर्दी संपू दे, मग बदलू." मी म्हटलं, किशनराव ऐकणार नाहीत. ते म्हणाले, "परवा ते रजेवर आहेत ना?"

होते. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सुशीलाबाईंना घेऊन ते सकाळीच दवाखान्यात गेले आणि इकडे समीर सरांनी स्वतः दोन नंबरच्या चाकांत हवा भरली. नवरा, बायको, दोन मुलं, श्रीशैलमला निघालेली. त्यांच्या सह्या मी घेतल्या. मीच "हॅपी जर्नी" म्हणाले. घर शेडबाहेर पडताना माझी नजर उजव्या चाकावर होती.

जंगल सुरू व्हायच्या अलीकडे, भर दुपारी, उजवा टायर फुटला. घर आडवं झालं, हुकातून सुटलं आणि रस्त्याच्या कडेला गेलं. मोटारीतल्या चौघांना काही झालं नाही. कडेला ताडाच्या पानांच्या सावलीत यादम्मा नावाची बाई मुंजल, म्हणजे ताडगोळे, विकत बसली होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

किशनरावांना संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते यादम्मा होती त्या इस्पितळात जाऊन बसले. तिचं कुणी आलंय का, रक्त लागेल का, विचारत. त्याच सकाळी पोलीस अधिकारी आमच्या शेडवर आले. वही टेबलावर होती. त्यांनी शेवटचं लिहिलेलं पान उघडलं आणि माझ्याकडे फिरवलं.

"मॅडम, ये मराठी है? क्या लिखा है?"

समीर सर खिडकीशी उभे होते. माझ्या नवऱ्याची नोकरी त्याच महिन्यात गेली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा डोक्यात काय होतं ते सांगते.

"तारीख," मी म्हणाले. "गाडी नंबर दो. लेफ्ट पैंसठ, राइट पैंसठ, स्टेपनी पैंसठ."

"और ये लाल में?"

"ये..." मी म्हणाले, "चेक किया, ऐसा लिखा है. नीचे उनकी साइन है."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि वही उद्या ठाण्यात आणून द्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी वही सापडली नाही. समीर सर म्हणाले, रद्दीत गेली असेल. मी शोधायचं नाटकही केलं. कपाट उघडलं, बंद केलं.

किशनरावांनी ठाण्यात सांगितलं, मी लिहून ठेवलं होतं, लाल शाईनं. त्यांना सांगण्यात आलं की तुमच्याच मॅडमनी वाचून दाखवलंय, तुम्ही टायर पास केले होते. त्यांच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला. कंपनीने त्यांना काढून टाकल्याचं पत्र माझ्याकडूनच टाइप करून घेतलं. इंग्रजीत.

तीन महिन्यांनी मी काचीगुड्याला त्यांच्या घरी गेले. स्टेशनच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. दर थोड्या वेळाने गाडी जाई आणि फळीवरची भांडी वाजत. सुशीलाबाईंनी मला ओळखून "या बाई" म्हटलं. त्यांना काही माहीत नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळलं. किशनरावांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं की कोणी काय वाचलं.

त्या चहा करायला आत गेल्या. किशनराव खुर्चीत बसून होते. दाढी वाढलेली.

"किशनराव, मी तेव्हा..." मी सुरुवात केली.

"काय वाचलं तुमी?"

मी सांगितलं. शब्दन् शब्द.

"तुमाला वाचता येतंय म्हनून तर वही तुमच्या हातात देत होतो की बाई," ते म्हणाले. "त्या शेडात दुसऱ्या कुनाला येतंय?"

मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा आणखी कडक झाला.

"मी आता खरं सांगीन," मी म्हणाले. "वहीत काय होतं ते सगळं."

"मंग मला कामून सांगायलाव? मला ठाऊक हाय काय होतं ते. ठान्यात जावा. ठाना हितून दहा मिन्टावर हाय, मी दावतो चला." ते खरंच उठले, पायात चपला सरकवल्या आणि दार उघडून उभे राहिले.

मी बसून राहिले. मुलाची शाळा, घरात बसलेला नवरा, समीर सरांचा चेहरा, खोटी साक्ष दिल्याबद्दल माझ्यावर काय येईल ते, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. किशनराव दारात उभे राहिले, मग त्यांनी चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या, आणि परत येऊन बसले.

सुशीलाबाई चहा घेऊन आल्या. "बाईला घाई हाय," किशनराव त्यांना म्हणाले. "च्या घेऊन निघायलेत त्या." मी चहा प्यायले. तो चहा मी प्यायले, हेच मला अजून माफ करता येत नाही.

पुढे वर्षभराने वकिलांनी तडजोड काढली. किशनरावांनी चूक लेखी कबूल करायची, कंपनीने यादम्माच्या कृत्रिम पायाचं आणि औषधपाण्याचं बघायचं, प्रकरण मिटवायचं. किशनराव कबूल होईनात तोवर सगळं अडलेलं होतं, आणि यादम्माची जखम बरी होऊन कधीची सुकली होती. पाय बसवायला उशीर केला तर उरलेला भाग आखडतो, असं डॉक्टर म्हणाले होते. हे वकिलांनी त्यांना सांगितलं आणि ते सहीला तयार झाले.

सहीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही सगळे होतो. किशनरावांनी तोच इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिसा रिकामा. इंग्रजी कागदावर त्यांनी मराठीत सही केली. कुणी वाचून दाखवू का विचारलं, तर "नक्को" म्हणाले.

यादम्मा बाकावर बसली होती, भाऊ तिच्या कुबड्या धरून उभा. तिला इतकंच माहीत होतं की ज्याने टायर बघितला नाही तो म्हातारा हा. किशनराव समोरून जाऊ लागले तेव्हा तिने त्यांना थांबवलं आणि ती तेलुगूत बोलू लागली. आवाज चढवला नाही. म्हणाली, तुला डोळे नव्हते का? म्हणाली, मी उन्हात बसून पोरं वाढवली, तुला सावलीत बसून एक चाक बघता आलं नाही? म्हणाली, तुझ्या घरी बाई असेल, तिला सांग माझ्याबद्दल.

किशनरावांना तेलुगू लहानपणापासून येत होतं. ते हात पुढे बांधून तिच्यासमोर उभे राहिले.

"अवुनम्मा," ते म्हणाले. होय बाई. ती पुढचं बोलली. "अवुनम्मा." आणखी बोलली. "अवुनम्मा." तिचं सगळं बोलून होईपर्यंत ते हलले नाहीत. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. त्यांनी एकदा मान वळवली असती तर मी बोलले असते, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत आले. त्यांनी मान वळवली नाही. त्यांनी का वळवावी?

समीर सरांच्या मोटारीतून आम्ही बाहेर पडलो. गेटबाहेर बस स्टॉपवर किशनराव उभे होते, उन्हामुळे कपाळावर हात आडवा धरून लांबून येणाऱ्या बसचा नंबर वाचायचा प्रयत्न करत. सिग्नल लागला म्हणून आमची गाडी अगदी त्यांच्यासमोर थांबली. काच बंद होती.

"चला," समीर सर सीटवर मागे टेकून म्हणाले, "सुटलो एकदाचे."

"हो," मी म्हणाले.

बस आली. ती काचीगुड्याची नव्हती. किशनराव एक पाऊल मागे सरले आणि पुढच्या बसची वाट बघू लागले.